जुन्या जिप्सीला दुबईचे एलईडी हेडलाइट जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1997 ची जिप्सी. मामांच्या मुलानं दुबईहून सात इंची गोल एलईडी हेडलाइटची जोडी आणली. जुन्या हॅलोजनचा तीन पिनी कपलर नव्या दिव्याला बरोबर बसला, पण डिपर (खाली पडणारा जवळचा उजेड) लागत नाही, अपर (लांबचा उजेड) लागत नाही, आणि डॅशबोर्डच्या मीटरमधला अपरची खूण दाखवणारा निळा दिवा डिपरवर असतानाही मंद जळतो. गल्लीतल्या वायरमननं "अर्थ (बॅटरीच्या मायनसची, म्हणजे बॉडीची जोडणी) मिळत नसेल" म्हणून कपलरमधली जी वायर त्याला अर्थची वाटली ती बॉडीला टेकवली, तर फ्यूज उडाला. शिवाय प्रत्येक दिव्यातून एक पांढरी आणि एक पिवळी वायर लोंबते आहे, त्यांचं काय करायचं?

फ्यूज उडाला यातच तुमचं उत्तर आहे. ती वायर खरोखर अर्थची असती, तर बॉडीला टेकवून काहीच झालं नसतं. फ्यूज उडाला म्हणजे त्या वायरीत प्लस होता. म्हणजे तुमची गाडी मायनस स्विचिंगची आहे, आणि दिवे बहुधा ठणठणीत आहेत.

ज्यांचा हात अॅम्बॅसेडर, पद्मिनीवर बसलाय त्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं: दिव्याची एक पिन कायम अर्थला, आणि स्विचमधून प्लस येतो तो कधी डिपरच्या पिनेवर, कधी अपरच्या. जुन्या जपानी गाड्यांत बऱ्याचदा नेमकं उलटं असतं, आणि जिप्सी म्हणजे सुझुकीच्या एसजे 410 चं लांब रूप. तिथे दिव्याच्या सामाईक पिनेवर प्लस येतो आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीचा स्विच डिपरची किंवा अपरची वायर अर्थला जोडतो. हॅलोजनच्या बल्बला याचं सोयरसुतक नसतं. फिलामेंट म्हणजे तार, तिच्यातून करंट इकडून तिकडे गेला काय आणि तिकडून इकडे आला काय, उजेड तोच. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं गाडी चालते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. एलईडीच्या दिव्यात मात्र आत सर्किट असतं, त्याला सामाईक पिनेवर मायनस हवा असतो. तुमच्या कपलरमधून त्याला तिथे प्लस मिळतोय. तो पेटणार कसा? निळा दिवा मंद जळतो तेही यातूनच. आधी त्याच्या वाटेत अपरचा फिलामेंट होता, आता त्याच्या जागी एलईडीचं सर्किट आलंय आणि थोडासा करंट भलत्याच वाटेनं फिरतोय.

तरी माझ्या शब्दावर वायर कापू नका. आधी तपासा. जुन्या गाडीत मधल्या कुणा वायरमननं काय करून ठेवलंय याचा भरवसा नसतो, वायरीच्या रंगांचा तर अजिबातच नाही.

तपासायला डिजिटल मीटर नको, टेस्ट लॅम्प घ्या. इंडिकेटरचा जुना बल्ब, दोन वायरी आणि टोकाला क्लिप, झालं. मीटर नको म्हणण्याचं कारण असं की कुठेच न जोडलेल्या पिनेवरही तो दोन-चार व्होल्ट दाखवतो आणि माणूस चकतो; बल्बला पेटायला खरा करंट लागतो. कपलर दिव्यातून काढा. टेस्ट लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या मायनसला लावा आणि दुसऱ्या टोकानं कपलरच्या तिन्ही पिना एकेक करून बघा: लाइट बंद असताना, डिपरवर, मग अपरवर. एकाच पिनेवर बल्ब पेटला आणि डिपर-अपर बदलून त्यात फरक पडला नाही, तर ती सामाईक प्लस. मग टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसला लावा आणि उरलेल्या दोन पिना बघा. डिपरवर पेटते ती डिपरची, अपरवर पेटते ती अपरची. कागदाच्या चिठ्ठ्या करून वायरींना चिकटवा. दोन्ही बाजूंचे कपलर तपासा, कारण एका बाजूचा कधी काळी बदललेला असू शकतो.

आता जोडणी. काही जण कपलरमधल्या पिना अदलाबदल करून एलईडी पेटवू बघतात. मायनस स्विचिंगच्या गाडीत ते जमत नाही, कारण डिपर आणि अपर दोन्हींना मिळून एकच प्लस आहे. पिना कशाही फिरवल्या तरी दिव्याला दोन वेगळे प्लस आणि एक सामाईक मायनस मिळणार नाही. बाजारात "निगेटिव्ह स्विच अडॅप्टर" म्हणून तयार जोड मिळतो, त्याच्या पोटात रिलेच, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विचच, असतात. मी म्हणतो, रिलेच लावायचे तर नीट लावा. गाडीचं मूळ वायरिंग न कापता बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी वायर ओढा, आणि जुना कपलर फक्त इशारा देण्यापुरता ठेवा.

दोन रिले लागतात, एक डिपरचा, एक अपरचा. 12 व्होल्टचे, 30 किंवा 40 अँपिअरचे. रिलेच्या पिनांवर आकडे छापलेले असतात: 85 आणि 86 ही कॉइलची दोन टोकं, 30 वर बॅटरीचा प्लस येतो आणि 87 मधून दिव्याकडे जातो. डिपरच्या रिलेची कॉइल जुन्या कपलरच्या सामाईक पिनेला आणि डिपरच्या पिनेला जोडा. अपरच्या रिलेची कॉइल सामाईक पिनेला आणि अपरच्या पिनेला. बस. साध्या कॉइललाही फिलामेंटसारखाच प्लस-मायनसचा फरक पडत नाही, त्यामुळे गाडी मायनस स्विचिंगची असो की प्लस स्विचिंगची, ही जोडणी दोन्हीकडे चालते. एकच पथ्य. काही रिलेंच्या आत कॉइलला समांतर डायोड असतो आणि बाजूवर त्याची खूण छापलेली असते. असा रिले असेल तर 86 वर प्लसच आला पाहिजे, नाहीतर डायोडमधून थेट शॉर्ट होतो. तुमच्या गाडीत सामाईक पिनेवर प्लस आहे, म्हणून सामाईक वायर 86 ला लावायची सवय ठेवा, म्हणजे रिले कुठलाही आला तरी घोळ नाही.

दुसरं पथ्य पाच पिनी रिलेचं. दुकानात चार पिनी मागितला तरी बऱ्याचदा पाच पिनी हातात देतात. मधली पिन कधी दुसरी 87 असते, कधी 87ए. 87ए म्हणजे रिले बंद असताना चालू राहणारी पिन. दिवा चुकून तिला जोडला तर गाडी बंद करून किल्ली खिशात घातली की हेडलाइट लागतात, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. आकडा वाचून मगच वायर खोचा.

जुन्या दोन कपलरपैकी एकाच बाजूचा वापरायचा, बॅटरीच्या जवळचा. दुसऱ्या बाजूचा कपलर रबरी टोपी घालून बांधून ठेवा. कापू मात्र नका.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. आणि फ्यूज दोन ठेवा, डिपरच्या रिलेला वेगळा, अपरच्या रिलेला वेगळा, प्रत्येकी 15 अँपिअर. माझ्याकडे आलेल्या एका गाडीला कुणीतरी दोन्ही रिलेंना मिळून एकच फ्यूज दिला होता. आंबा घाटात उतरताना तो गेला आणि एका क्षणात दोन्ही दिवे बंद, बाहेर पाऊस. फ्यूज दोन असते तर दांडी अपरवर ढकलून निदान गाडी कडेला घेता आली असती.

वायर मोटारीची घ्या, बारीक तारांची लवचीक. घरगुती फिटिंगची जाड तारांची वायर इंजिनाच्या थरथरीनं तुटते. बॅटरीपासून रिलेपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटर, रिलेपासून दिव्यापर्यंत 1.5 चालेल, पण पुढेमागे हॅलोजन परत लावायचे असतील तर सगळीकडे 2.5 च ओढा, फरक थोडक्या रुपयांचा आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात, लक्ष्मीपुरीत हे सगळं सामान मिळतं. टोकाच्या पिना क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबा, दातानं किंवा साध्या पक्कडीनं नाही, आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. नुसता सोल्डर केलेला जोड जिथे सोल्डर संपतो तिथे कडक होतो आणि थरथरीनं तिथेच तुटतो. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा प्रकार तर गगनबावड्याचा एक पावसाळाही काढत नाही.

दिव्याची अर्थ वायर हेडलाइटच्या वाटीच्या स्क्रूला लावायची नाही. तिथे रंग असतो, खाली गंज असतो. सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या, किंवा चेसिसवर लखलखीत घासलेल्या जागी बोल्टखाली दाबा आणि वरून व्हॅसलिन लावा. दिवे लावून मीटरची एक टोचणी दिव्याच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवा. पाव व्होल्टाच्या वर काही दिसलं तर जोड पुन्हा करा. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

हे झालं की तुमचे एलईडी पेटतील. न विचारलेली एक गोष्ट तरी सांगतो. हेच रिलेचं वायरिंग करून जुने 60/55 वॅटचे हॅलोजन लावून एक रात्र गाडी चालवून बघा. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट दांडीच्या स्विचमधून जातो. 55 वॅटचे दोन डिपर म्हणजे नऊ अँपिअरच्या वर, आणि वाटेत पंचवीस वर्षांच्या पिना, काळवंडलेले संपर्क, बारीक वायर. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि कपलरवर 11.9, असं मी कैक गाड्यांत मोजलंय. दोन व्होल्टांनी काय होतं म्हणाल, तर हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताप्रमाणे पडतो. एवढ्या घसरणीत चाळीस टक्के उजेड गेलेला असतो. रिले लावल्यावर स्विचमधून फक्त कॉइलचा पाव अँपिअरहून कमी करंट जातो आणि दिव्याला जवळजवळ पूर्ण बॅटरी मिळते. पुष्कळ गिऱ्हाईकं एलईडी मागायला येतात आणि एवढ्यावरच खूश होऊन जातात. "साहेब, मग 100/90 चे बल्ब टाकू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही. अपरवर दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात, होल्डर वितळतो, आणि समोरच्याला काही दिसत नाही.

समोरच्याचा विषय निघाला म्हणून आता तुमच्या दिव्यांची खरी अडचण. दुबईत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. डिपरचा उजेड सपाट कापलेला असतो, पण एका बाजूला तो वर चढतो, कडेचा माणूस, दगड, वळण दिसावं म्हणून. डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशात तो डावीकडे चढतो. उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशासाठी केलेला दिवा उजवीकडे चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. हा दोष वायरिंगनं जात नाही, स्क्रू फिरवूनही जात नाही. दिवा खाली झुकवला तर तुम्हालाच रस्ता दिसत नाही.

काचेवर बघा. गोलात ई हे अक्षर आणि शेजारी आकडा असेल तर तो युरोपीय नियमानुसार मंजूर झालेला दिवा. त्याच्या जवळ बाण शोधा. दिव्यासमोर उभं राहून बघितल्यावर बाण तुमच्या उजव्या हाताकडे दाखवत असेल तर तो डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा, पण मग मागे कुठेतरी बाजू बदलायची कळ असते, ती बघा. बाण नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. नुसतं डीओटी लिहिलेलं असेल तर तो अमेरिकी पद्धतीचा, म्हणजे तिथल्या उजव्या बाजूच्या रस्त्यांसाठीच केलेला. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर काचेवर विश्वास ठेवू नका, भिंतीवर ठेवा: दिवा भिंतीवर मारून उजेडाची पायरी कुठल्या बाजूला चढते ते बघा. उजवीकडे चढत असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, दिवे भावाला परत द्या. भारत, जपान, थायलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड इथे चालणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेली जोडी शोधा.

हे मी उगाच ताणत नाही. ऊस हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री काय असतं तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि ऊस कडेनं बाहेर आलेला. समोरून दुचाकीवर येणाऱ्याचे डोळे तुमच्या दिव्यानं दोन सेकंद दिपले, तर तेवढ्यात तो ट्रॉलीखाली जातो.

पांढरी आणि पिवळी वायर. पांढरी बहुतेक वेळा कडेच्या रिंगची, दिवसा जळणाऱ्या उजेडाची, आणि पिवळी त्याच रिंगमधल्या इंडिकेटरची. बॅटरीला लावण्याआधी दोन अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून एकेक वायर तपासा. पांढरीला किल्ली फिरवल्यावर येणारा प्लस द्या, पार्किंग लाइटचा दिलात तर दिवसा ती जळणार नाही. रात्री हेडलाइटबरोबर रिंग पूर्ण जळत राहिली तर ती डोळ्याला टोचते. त्यासाठी तिसरा रिले घ्या, त्याची कॉइल डिपर-अपरच्या आधी लाइट लागताच प्लस येणाऱ्या वायरीवर, म्हणजे पार्किंगवर, आणि रिंगचा प्लस 87ए मधून न्या. हेडलाइट लागले की रिंग बंद. पिवळी वायर मूळ इंडिकेटरच्या प्लसला समांतर जोडा आणि जुना 21 वॅटचा बल्ब काढू नका. बल्ब काढला की फ्लॅशर गोंधळतो, आणि बाजूनं येणाऱ्याला इंडिकेटर दिसतही नाही.

आता भिंतीवर उजेडाची उंची जुळवणं. सपाट जागा हवी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला एखाद्या शेडसमोरची चालेल. चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, गाडी भिंतीपासून 10 मीटरवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारा, तिच्या खाली 10 सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची सपाट कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी आणि पायरी डावीकडे चढायला हवी. 10 मीटर जागा नसेल तर 5 मीटरवर 5 सेंटिमीटर. एका दिव्यावर पोतं टाकून दुसरा लावा, मग उलट. जिप्सीच्या स्प्रिंगा मागून बसल्या असतील तर पुढचं तोंड वर असतं, त्यामुळे नेहमी जेवढं सामान घेऊन फिरता तेवढं मागे टाकून लावा.

धुक्यात आणि मुसळधार पावसात निळसर पांढऱ्या एलईडीपेक्षा हॅलोजनचा पिवळट उजेड मला बरा वाटतो. समोर पांढरी भिंत कमी उभी राहते. हे माझं मत, गगनबावड्याच्या बाजूला रोज जाणारे दोन-तीन ड्रायव्हर याच्या उलट सांगतात.

एलईडी लावल्यावर रेडिओवर आकाशवाणी कोल्हापूर खरखरायला लागलं तर दिव्याच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या आणि दिव्याजवळ फेराइटची कडी अडकवा. त्याआधी बॅटरीची टोकं आवळा; सैल टोकांमुळे अल्टरनेटरचे झटके थेट एलईडीच्या सर्किटवर जातात आणि महागडा दिवा काही महिन्यांत मरतो. चालू इंजिनावर बॅटरीला 14.8 च्या वर व्होल्ट मिळत असतील तर रेग्युलेटर आधी बघा.

आरटीओचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम दिव्यानं समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठीच आहे. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि तेव्हा तपासणी. म्हणून जुने हॅलोजन, त्यांच्या काचा आणि रबरी टोप्या डब्यात जपून ठेवा. मूळ वायरिंग कापलेलं नाही आणि नव्या हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) टोकाला तसेच तीन पिनी कपलर आहेत, तेव्हा हॅलोजन परत बसवायला अर्धा तास पुरतो. मात्र परत लावल्यावर गाडी पुन्हा भिंतीसमोर उभी करा, हॅलोजनच्या काचेचा बीम एलईडीच्या स्क्रूवर बरोबर बसेलच असं नाही.